विटांची शकुंतला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या छंदाविषयी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. आपल्या मंडळात सुरेख भरतकाम करणाऱ्या भगिनी आहेत, गाणाऱ्या आहेत, अंगणातल्या एका वाफ्यावर चार घरांना पुरेल इतकी भाजी काढणाऱ्या आहेत. त्यांच्या छंदातून काहीतरी पदरात पडते. माझ्या छंदातून काय पदरात पडते, तर खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटांची आगगाडी! ती पांघरता येत नाही की पानात वाढता येत नाही. तरीही मी आज उभी राहिले आहे, कारण हा पोरखेळ खेळता खेळता मला काही गोष्टी अशा उमगल्या, की त्या आपल्याला सांगाव्याशा वाटतात.

चार वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास आहे. त्या वर्षी दिवाळीला नातू आला तो विटांचा एक मोठा डबा घेऊन आला, आणि परत जाताना सामान जड झाले म्हणून डबा इथेच राहिला. दुपारी एक ते चार ही वेळ किती लांबते, हे ज्यांची घरे रिकामी झाली आहेत त्यांना सांगावयास नको. अशाच एका दुपारी डबा पुसून माळ्यावर टाकावा म्हणून मी खाली बसले. सहज दोन विटा एकीत एक बसवून पाहिल्या. मग तिसरी, मग चौथी. भानावर आले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. यजमान गेल्यापासून इतकी दुपार माझ्या नकळत सरली, असे त्या दिवशी पहिल्यांदाच झाले.

लहानपणी माझ्या थोरल्या भावाला चावीची पत्र्याची आगगाडी मिळाली होती. मला भातुकली मिळाली. भातुकलीबद्दल माझी तक्रार नाही; पण गाडीला चावी देण्याची मला फार हौस, आणि "मुलींनी चावी फिरवली तर स्प्रिंग तुटते" असा आमच्या घरातला कायदा! मी गाडीसाठी उशीचा बोगदा धरून बसावयाचे, एवढाच माझा रेल्वेखात्याशी संबंध. तेव्हा साठी उलटल्यावर मी आगगाडी मांडून बसले, त्यात जुने देणे वसूल करण्याचाही थोडा भाग असावा.

या विटांची थोडी माहिती सांगते. डेन्मार्क देशात बिलुंड नावाचे गाव आहे. तेथील ओले किर्क क्रिस्टियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ साली मंदीच्या दिवसांत लाकडी खेळणी करावयास सुरुवात केली. 'नीट खेळ' अशा अर्थाचे जे दोन शब्द त्यांच्या भाषेत आहेत, त्यांवरून पुढे 'लेगो' हे नाव पडले. आज आपण पाहतो त्या प्लॅस्टिकच्या विटेची रचना १९५८ साली पक्की झाली. वर गोल ठिपके, खाली पोकळीत नळ्या. ठिपके नळ्यांच्या मध्ये घट्ट बसतात, आणि ओढले की सुटतात. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर अजूनही बसते. या विटांची पहिली आगगाडी आली ती १९६६ साली. आठ ठिपक्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या, तर त्या किती प्रकारांनी जोडता येतील याचा गणितज्ञांनी हिशेब केला आहे. तो आकडा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ असा आहे. तेव्हा "आता काय करू?" हा प्रश्न या खेळात उरतच नाही.

परंतु आपल्याला हा खेळ अगदीच परका आहे असे समजू नका. विटा लावावयाची ती पाटी प्रथम हातात घेतली आणि मला हसू आले. ती ठिपक्यांची रांगोळीच होती! ठिपक्याठिपक्यांत सर्वत्र आठ मिलिमीटर अंतर. आपण श्रावणात अंगणात ठिपके मोजून रेघा ओढतो, एक ठिपका चुकला की कमळाची पाकळी वाकडी होते. इथेही तोच न्याय. विणकामात टाके मोजण्याची ज्यांना सवय आहे त्यांना तर हे काम मुलांपेक्षा लवकर जमेल. माझ्या नातवाला मोजावयाचा कंटाळा. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिली गाडी मी केली ती मात्र दोन दिवसांत मोडली. फोनवर नातवाला दाखविली तर तो म्हणाला, "आजी, तू सांध्यावर सांधा ठेवलास. मग ती मोडणारच." मला एकदम आमचे घर बांधणारा गवंडी आठवला. खालच्या थरातला सांधा वरच्या थरात विटेच्या मध्याखाली आला पाहिजे, याला ते लोक सांधेमोड म्हणतात. घर बांधताना मी हे डोळ्यांनी पाहिले होते. पण स्वतःच्या हातची भिंत कोसळेपर्यंत ते कळले नव्हते.

दुसरी गाडी मोडली नाही, पण वळणावर रुळांवरून उतरू लागली. या खेळात तयार रूळ मिळतात, वळणाचे १६ तुकडे जोडले की एक वर्तुळ होते, आणि त्याचा व्यास जेमतेम ६४ सेंटिमीटर भरतो. म्हणजे एखादा चौरंग मावेल इतका. एवढ्या आखूड वळणावर लांब डबा कसा वळावयाचा? मी डब्याच्या दोन टोकांना चाके घट्ट बसविली होती. रूळ वळे, चाके सरळच जाऊ पाहत. मग बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना मी खाली वाकून डब्याची चाके पाहिली. प्रत्येक टोकाला चार चाकांची एक वेगळी गाडी असते आणि तिच्यावर डबा मधल्या खुंटीवर टेकलेला असतो. म्हणून चाके वळणाप्रमाणे फिरतात आणि डबा मागून सावकाश वळतो. साठ वर्षे मी रेल्वेने हिंडले, पण खाली वाकून कधी पाहिले नव्हते. एक गृहस्थ काळजीने विचारू लागले, "आजी, काही पडलं का?" मी म्हटले, "हो, इतक्या वर्षांत नजरेतून पडलेलं एक शोधते आहे."

आता मूळ गोष्टीकडे येते. हात बसल्यावर वाटू लागले की परदेशातील चित्रे पाहून गाड्या कशाला कराव्या? आपली गाडी करावी. आणि आपली गाडी म्हटली की माझ्यासारख्या अचलपूरच्या माहेरवाशिणीच्या डोळ्यांपुढे एकच उभी राहते, ती शकुंतला.

आपल्यातल्या तरुण मुलींनी तिच्यात पाऊल ठेवलेले नसेल, म्हणून सांगते. अकोल्याहून बडनेऱ्याकडे येताना मध्ये मूर्तिजापूर लागते. तेथून या अरुंद रुळांच्या दोन शाखा निघत. एक दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करीत अचलपूरला जाई, ती ७६ किलोमीटर. दुसरी कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाई, ती ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या विलायती कंपनीने गेल्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाईनपर्यंत आणावा म्हणून ही लाईन घातली. तेथून कापूस मुंबईला, आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांना. गंमत पाहा, या लाईनवर पुढे सत्तर वर्षे राबलेले झेड-डी जातीचे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेले होते. कापूस तिकडे गेला, इंजिन इकडे आले. ते १९२३ साली कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. मग डिझेलचे इंजिन आले. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तरी ही लाईन खासगी मालकीची राहिली आणि गाड्या मात्र मध्य रेल्वे चालवीत असे. पुढे यवतमाळची गाडी थांबली, मागोमाग अचलपूरचीही थांबली. रुंद रूळ व्हावेत ही मागणी जुनी आहे. ते होतील तेव्हा होवोत.

१९७४ साली लग्न होऊन मी याच गाडीने अचलपूरहून निघाले. मूर्तिजापूरला उतरून मोठ्या गाडीने अकोल्याला सासरी गेले. ७६ किलोमीटरला चारेक तास लागत. लोक तिला हसत, पण त्या दिवशी ती हळू चालली याबद्दल मी तिचे उपकार मानले. माहेर एकदम तुटले नाही. एकेका स्टेशनाने, सावकाश मागे पडत गेले.

तर ही गाडी विटांची करावयाची असे मी ठरविले, आणि पहिली अडचण आली मापाची. मूर्तिजापूरला दोन्ही रूळ पाहावयास मिळत. मोठ्या लाईनचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. शकुंतलेचे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. खेळातील तयार रुळांत सुमारे ३८ मिलिमीटर अंतर असते. ते मोठी लाईन मानले, तर सारे जग ४४ पट लहान झाले. मग त्याच हिशेबाने शकुंतलेचे रूळ १७ मिलिमीटरवर यावयास हवेत. पाटीवर दोन ठिपके म्हणजे १६ मिलिमीटर. एका मिलिमीटरची चूक मी पोटात घातली, आणि गुळगुळीत पट्ट्या लावून शकुंतलेचे रूळ स्वतः केले. या रुळांवर बसणारी मोटर मला मिळाली नाही, म्हणून माझी शकुंतला हातानेच ढकलावी लागते. खरी तरी कुठे फार धावे!

दुसरी अडचण इंजिनाची. डिझेलचे इंजिन म्हणजे एक पेटीच. ते एका दुपारी झाले. पण मला हवे होते माझ्या लग्नातले वाफेचे इंजिन. त्याचे पिंप गोल, आणि माझ्या विटा चौकोनी. नागपूरला मोतीबागेत २००२ सालापासून अरुंद रुळांच्या गाड्यांचे संग्रहालय आहे, तेथे जाऊन मी जुनी इंजिने पाहून आले, वहीत आकृत्या काढल्या. शेवटी युक्ती सापडली ती अशी. काही विटांना कडेलाही ठिपके असतात. त्यांवर चपट्या पट्ट्या आडव्या चढवाव्या, म्हणजे चारी बाजूंनी थोडा थोडा फुगवटा येतो. हे जमते, कारण पाच पट्ट्यांची उंची आणि दोन ठिपक्यांची रुंदी बरोबर सारखी, १६ मिलिमीटर, ठेवलेली आहे. ज्याने हे माप पहिल्याने बसविले त्याला माझा नमस्कार! जवळून पाहिले तर ते पिंप आठ कोनांचे दिसते. पण दोन हातांवरून डोळे किंचित मिटून पाहिले, तर अगदी गोल. आमच्या वयात डोळे मिटावयाचीही गरज पडत नाही.

याच सुमारास मुलाकडे पुण्याला गेले असता कोथरूडचे लहान रेल्वेंचे संग्रहालय पाहिले. भाऊ जोशी नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर या छंदाचा पाठपुरावा केला आणि १९९८ साली हे संग्रहालय लोकांसाठी उघडले. तिथल्या गाड्या विटांच्या नाहीत, मापाबरहुकूम केलेल्या आहेत; पण एक अख्खे चिमुकले गाव, त्यात धावणाऱ्या गाड्या, लुकलुकणारे सिग्नल पाहून मला धीर आला. मोठ्या माणसाने आगगाडीशी खेळावे यात लाजण्यासारखे काही नाही, असे ते मला न बोलता सांगत होते. मात्र घरी आल्यावर मनात आले, की एखादा पुरुष हे करतो तेव्हा जग त्याला छंद म्हणते, आणि बाईने केले की "घरात काही काम नाही वाटतं?" असे विचारते. माझ्या जाऊबाईंनी हेच विचारले होते. त्यांचा राग नाही. जन्मभर आपल्याला हेच शिकविले, की बाईच्या हाताने जे होईल ते कुणाच्या तरी उपयोगी पडले पाहिजे. लोणची, पापड, स्वेटर, गोधड्या, सारे दुसऱ्यासाठी. त्यात आनंद आहे, मी तो भोगला आहे. पण एखादी गोष्ट केवळ करावीशी वाटली म्हणून करावी, हा आनंदही आपल्या वाट्याचा आहे.

इंजिन झाले, डबे झाले. माझ्याकडे निळ्या विटा जास्त होत्या म्हणून डबे निळे झाले. मूर्तिजापूरचा फलाट झाला, कौलारू छप्पर झाले, फाटक झाले. मी ते दिवाणखान्यात मांडले. येणारे-जाणारे वाहवा करू लागले, आणि मी थोडी फुगले.

आमच्याकडे अंजनगावकडील एक म्हातारी भाजीवाली येते. ती पूर्वी शकुंतलेनेच टोपली घेऊन हिंडत असे. मोठ्या कौतुकाने मी तिला आत बोलावून गाडी दाखविली. ती खाली बसली, डब्यांच्या खिडक्यांतून डोकावून पाहिले, आणि म्हणाली, "बाई, गाडी त बेस केली तुमी. पन मानसं कुठी हायेत व?"

मी म्हटले, "अगं, ही नुसती शोभेची गाडी आहे."

ती म्हणाली, "मानसाबिगर कायची शकुंतला?"

मैत्रिणींनो, मी निरुत्तर झाले. रुळांचा एक मिलिमीटर मी सोडला नव्हता, आणि सगळी माणसे सोडून दिली होती! मग ती सांगत बसली, आणि मी भाजी निवडावयाची सोडून ऐकत राहिले. मोटारीचे भाडे परवडत नाही म्हणून पहाटे उठून गाडीला येणाऱ्या बाया. बाकाखाली सरकवलेल्या टोपल्या. बाळंतपणासाठी माहेरी निघालेली पोर आणि तिच्याबरोबरची माय. गार्डसाहेबच तिकिटे देत, आणि धावत येणारी म्हातारी दिसली तर हिरवे निशाण जरा हातातच राही. "गाडी बंद झाली," ती म्हणाली, "तवापासून अंजनगावची बहीन लगनाकार्यालेच भेटते."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. माझ्यासाठी ती गाडी म्हणजे आठवण होती. तिच्यासाठी ती भाकरी होती आणि बहीण होती.

मग मी पुन्हा बसले. खेळातली माणसे साधारण चार सेंटिमीटर उंच असतात, म्हणजे आमच्या ४४ पटीच्या जगात फार चुकत नाहीत. पण सगळ्यांच्या अंगात विजारी! मी पायांच्या जागी उतरती वीट लावली, त्याचे लुगड्यासारखे झाले. आणि शिवणाच्या पेटीतील चिंध्यांचे पदर केले. तपकिरी वाटीसारख्या तुकड्यांच्या टोपल्या केल्या. आता गाडीत बावीस माणसे आहेत, त्यांत चौदा बाया. शेवटच्या डब्याच्या दारात गार्डसाहेब हिरवे निशाण घेऊन उभे आहेत, आणि फलाटाच्या टोकाशी एक म्हातारी अजून धावते आहे. भाजीवालीने ती ओळखली. "हे मी," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून भाजीचा हिशेब मागू लागली.

ज्यांना हा छंद करून पाहावासा वाटेल त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. विटा महाग असतात, तेव्हा नव्या घेण्याआधी मुले मोठी झालेल्या घरांतून विचारावे. माळ्यावर डबे पडून असतात. कोमट साबणाच्या पाण्याने धुवावे, उन्हात ठेवू नये, रंग विटतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या विटा एकमेकींत घेताना आधी दोन जोडून पाहाव्या. काही सैल बसतात. रंगांप्रमाणे न निवडता आकारांप्रमाणे निवडाव्या. लाल ढिगात लाल तुकडा सापडत नाही, पण आकारांच्या ढिगात हवा तो रंग चटकन दिसतो. आणि ज्यांची बोटे आमच्यासारखी आखडू लागली आहेत त्यांनी तर अवश्य करावे. माझ्या बोटांना बरे वाटते, एवढे मी स्वानुभवाने सांगते.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. माझी शकुंतला मी मंडळाच्या वाचनालयात आणून ठेवते. तिच्याशेजारी एक कोरी वही असेल. अकोला, अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांतल्या कितीतरी बाया त्या गाडीने माहेरी गेल्या, बाजाराला गेल्या, शाळा-कॉलेजात गेल्या. ज्यांना लिहिता येते त्यांनी आपली एक आठवण वहीत लिहावी; ज्यांना येत नाही त्यांची आपल्या मुलींनी लिहून घ्यावी. लाईनीविषयी अर्ज-विनंत्या पुष्कळ झाल्या, पुढेही होतील. त्यांत किलोमीटर असतात, खर्चाचे आकडे असतात. त्या कागदांना आपली वही जोडावी, म्हणजे त्या गाडीत माणसे होती हेही कुणाच्या वाचनात येईल. विटांच्या गाडीने खरी गाडी सुरू होत नाही, हे मला कळते. पण खाली वाकून पाहिल्याशिवाय गाडी कशावर चालते हे कळत नाही, आणि खिडकीतून डोकावल्याशिवाय ती कुणासाठी चालते हे कळत नाही. या पोरखेळाने मला या दोन्ही सवयी लावल्या.

वाचनालयात येणाऱ्या मुलींना मात्र एक सांगून ठेवते. गाडी काचेच्या कपाटात राहणार नाही. हात लावा, ढकला, मोडली तर पुन्हा जोडा. आपल्याकडे स्प्रिंग नाही, तेव्हा तुटण्याची भीती नाही.